वेगाची हौस आणि तिची योग्य जागा

कोकणातल्या मुस्लिम घरांत जपानी गाड्यांची नावे नवी नाहीत. आखातात राबणाऱ्या अब्बा-चाचांच्या तोंडून टोयोटा, निसान, मित्सुबिशी ही नावे दोन-तीन पिढ्या ऐकतच आल्या आहेत. वाळवंटात वर्षानुवर्षे न कुरकुरता चालणारी गाडी म्हणून त्यांची कीर्ती. आजच्या मुलांच्या तोंडी मात्र याच कंपन्यांची वेगळी नावे असतात: स्कायलाइन, सुप्रा, लान्सर इव्हो, सिव्हिक टाइप-आर. मोबाइलवर रात्र रात्र त्यांचे व्हिडिओ पाहिले जातात. घरात जुनी होंडा सिटी किंवा स्विफ्ट असेल तर तिला नवा सायलेन्सर कधी बसला आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत कधी जाऊ लागला, हे आई-वडिलांना फार उशिरा कळते.

यावर घराघरांत दोनच उत्तरे दिली जातात. एक तर "हे सगळे बंद" असा हुकूम, नाही तर "पोरगा आहे, चालायचेच" अशी डोळेझाक. हुकमाने हौस मरत नाही, ती लपून पुरी केली जाते. डोळेझाकीची किंमत तर कधी कधी जिवाने मोजावी लागते. आम्हाला येथे तिसऱ्या वाटेची माहिती द्यायची आहे. जगभर हौशी लोक आपली गाडी घेऊन बंदिस्त ट्रॅकवर जातात, दिवसभर मनसोक्त चालवतात आणि संध्याकाळी सावकाश घरी परततात. या प्रकाराला 'ट्रॅक डे' म्हणतात. तो काय असतो, आपल्यापासून किती दूर आहे, त्याला काय खर्च येतो आणि कायदा काय सांगतो, हे पालकांनीही समजून घ्यायला हवे.

ही हौस आली कुठून?

जपान हा डोंगराळ देश. तेथे डोंगर ओलांडणाऱ्या नागमोडी रस्त्याला 'तोगे' म्हणतात. आपल्या भाषेत सरळ घाटच. फोंडा, करूळ, आंबोली डोळ्यांसमोर आणले की तोगे कसा असेल ते कळते. 1970-80 च्या दशकांत तिकडची तरुण मुले रात्री या घाटांत गाड्या पळवू लागली. वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी नेण्याचे कसब, ज्याला आज जग 'ड्रिफ्ट' म्हणते, ते याच घाटांत वाढले. केइची त्सुचिया हा त्यातला सर्वांत गाजलेला चालक. त्यालाही नाव आणि रोजगार मिळाला तो घाटात नव्हे, शर्यतीच्या ट्रॅकवर.

घाटात अपघात झाले, पोलिसांनी कारवाया केल्या, आणि हळूहळू ही हौस ट्रॅककडे वळली. तोक्योच्या उत्तरेला त्सुकुबा नावाचा ट्रॅक आहे, लांबी जेमतेम दोन किलोमीटर. हौशी लोक तेथे आपली रोजच्या वापरातली गाडी घेऊन येतात आणि स्वतःचीच जुनी वेळ मोडण्याचा प्रयत्न करतात. त्सुकुबावरची वेळ ही जपानमध्ये गाडी आणि चालक दोघांचीही परीक्षा मानली जाते.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवले की 280 अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकद कोणी जाहीर करायची नाही. गाड्यांचा कमाल वेगही ताशी 180 किलोमीटरवर रोखलेला असे. हा समझोता 2004 पर्यंत टिकला. ज्या गाड्यांची पोस्टर्स मुले भिंतीवर लावतात, त्या बनवणाऱ्यांनीच रस्त्यावरच्या वेगाला लगाम हवा हे कबूल केले होते.

भारतात या गाड्या मोजक्याच आल्या. जुनी गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवे, आणि वर भरमसाट जकात. त्यामुळे जुनी स्कायलाइन किंवा सुप्रा मागवण्याचे स्वप्न बहुतेकांसाठी स्वप्नच राहते. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी मग येथेच बनणाऱ्या जपानी गाड्या हाताशी धरल्या. मारुती-सुझुकीची एस्टीम आणि जिप्सी यांनी शर्यती आणि रॅली गाजवल्या. 1998 मध्ये होंडा सिटी आणि मित्सुबिशी लान्सर बाजारात आल्या. 2000 साली आलेली सिटीची 1.5 व्हीटेक, 106 अश्वशक्तीची, ही तर भारतीय हौशी चालकांची लाडकी गाडी ठरली. आजही ट्रॅकवर किंवा ड्रॅग शर्यतीत ही जुनी सिटी दिसली की लोक थांबून पाहतात.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

पहिला गैरसमज दूर करू. ट्रॅक डेला कोणी पहिला येत नाही, कोणी हरत नाही. ठरावीक फी भरून ट्रॅकवर गाडी चालवण्याची मुभा मिळते, एवढेच.

सकाळी लवकर हजर व्हावे लागते. आधी गाडीची तपासणी. चाकांचे नट घट्ट आहेत का, टायरची नक्षी शिल्लक आहे का, बॅटरी पक्की बांधली आहे का, तेल कोठे गळते का, ब्रेकचे पेडल भरीव लागते का. गाडीतली सैल वस्तू, पाण्याची बाटली, पायाखालची चटई, डिकीतली स्टेपनी, सारे बाहेर काढायचे. ब्रेक मारताना बाटली घरंगळत पेडलखाली गेली तर काय होईल, याचा विचार रोजच्या प्रवासात कोण करतो? येथे तो पहिल्या दहा मिनिटांत करावा लागतो.

मग सर्वांची बैठक. झेंड्यांचा अर्थ समजावला जातो. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणाला ओलांडू नका. लाल दिसला की सत्र थांबले, सावकाश परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. काळा दाखवला तर आत येऊन अधिकाऱ्यांना भेटा. चौकड्यांचा झेंडा म्हणजे वेळ संपली. ओलांडण्याचे नियमही कडक. नवख्यांच्या गटात फक्त सरळ पट्ट्यावर ओलांडायचे, तेही पुढच्याने हाताने बाजू दाखवल्यावरच. जो वाट देतो तो कमी प्रतीचा ठरत नाही. उलट आरशात पाहून वेळेवर वाट देणारा चालकच शहाणा समजला जातो.

हेल्मेट आणि पट्टा सक्तीचे. ट्रॅकवर एकाच दिशेची वाहतूक असते. समोरून ट्रक येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, शाळा सुटलेली मुले नसतात. वळणाबाहेर मोकळी जागा किंवा टायरांची भिंत असते. रुग्णवाहिका उभी असते. सत्र पंधरा-वीस मिनिटांचे, कारण त्याहून अधिक काळ ना माणसाची एकाग्रता टिकते ना साध्या गाडीचे ब्रेक. शेवटची फेरी मुद्दाम हळू घेतात, म्हणजे ब्रेक निवतात. आत आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, कारण तापलेले पॅड डिस्कला किंवा ड्रमला चिकटू शकतात.

पहिल्यांदा आलेल्या बहुतेक मुलांना येथे एक धडा मिळतो. रस्त्यावर स्वतःला उस्ताद समजणारा मुलगा साध्या गाडीतल्या अनुभवी चालकाकडून सहज मागे टाकला जातो. नजर पुढच्या वळणावर ठेवणे, ब्रेक सरळ रेषेत मारून मग वळणे, स्टिअरिंगला झटके न देणे, यावर वेग अवलंबून असतो. पाय दाबणे कोणालाही येते. गर्व उतरवायला याहून स्वस्त शाळा नाही.

आपल्यापासून किती दूर?

मालवणहून घाटावर कोल्हापूर गाठायला साधारण चार तास लागतात. कोल्हापूरला शर्यतींचा वारसा आहे. तेथील मोहिते रेसिंग अकॅडमीच्या लहान, वळणावळणाच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्या आहेत. ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेपर्यंत पोहोचलेला कृष्णराज महाडिक हा कोल्हापूरचाच. ज्याला खरेच शिकायचे आहे त्याने गाडीवर पैसा ओतण्याआधी कार्टमध्ये बसावे, असे जाणकार सांगतात. कार्टला छप्पर नाही, सस्पेन्शन नाही, चूक झाली की लगेच कळते आणि दुखापतीची शक्यता कमी.

पुण्याजवळ मावळात नाणोलीचा ट्रॅक झाला आहे. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतील धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. सरळ पट्टी, ठरावीक अंतर, आणि वेळ मोजणारे यंत्र. तेथे कोट्यवधींच्या परदेशी गाड्यांशेजारी घरच्या गॅरेजमध्ये तयार झालेल्या जुन्या सिटी आणि लान्सर उभ्या राहतात.

मोठे ट्रॅक मात्र दूर आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा 3.7 किलोमीटरचा, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जेथे 2011 ते 2013 या तीन वर्षांत फॉर्म्युला वन झाली. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक तरुणांना याहून जवळचे वाटावे असे ट्रॅक आखातात आहेत. 2004 मध्ये सुरू झालेले दुबई ऑटोड्रोम आणि बहारीनचे साखीर सर्किट, किंवा 2009 मधले अबुधाबीचे यास मरिना. तेथे सामान्य माणसाला फी भरून स्वतःची किंवा भाड्याची गाडी चालवता येते.

या खेळात आपली माणसेही आहेत. चेन्नईचे अकबर इब्राहिम हे नामवंत चालक आणि पुढे देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांचा मुलगा अरमान जीपी-टू एशिया स्पर्धेपर्यंत गेला. मोटरसायकल शर्यतपटू आर. ए. अब्दुल्ला यांची मुलगी अलीशा अब्दुल्ला हिने मोटरसायकल आणि कार अशा दोन्ही शर्यतींत नाव कमावले. जागतिक महासंघाचे अध्यक्षपद 2021 च्या अखेरीस दुबईच्या मोहम्मद बिन सुलायम यांच्याकडे आले. ते मध्यपूर्वेच्या रॅली स्पर्धेचे 14 वेळा विजेते. या सर्वांची घडण झाली ती नियमांच्या चौकटीत.

गाडीत आधी काय बदलावे?

मुलांचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी आवाज, मग चकाकणारी चाके, मग इंजिनची ताकद, आणि ब्रेकचा विचार सर्वांत शेवटी. जाणकारांचा क्रम असा: चालक, ब्रेक, टायर, सस्पेन्शन, आणि मग इंजिन.

कारण साध्या हिशेबात आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी 60 च्या वेगाने ब्रेक दाबल्यावर गाडी 20 मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी 120 ला तिला 80 मीटर लागतील. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला तर त्या सेकंदातच गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एकूण 113 मीटर. इंजिन कितीही भारी असो, हा हिशेब कोणाला चुकत नाही.

ब्रेक ऑइल ही तर आपल्या किनाऱ्यावर विशेष जपायची गोष्ट. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-4 प्रकारचे ताजे तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या तेलाची मर्यादा मात्र 155 अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळले की वाफ होते, पेडल मऊ पडते आणि पाय थेट तळाला लागतो. मालवण-देवगडच्या दमट हवेत हे तेल वेळच्या वेळी बदलायलाच हवे. खाऱ्या वाऱ्याने गाडीचे बूड आणि सस्पेन्शनचे जोड गंजतात, तेही उचलून पाहावे. वीस वर्षांहून जुनी व्हीटेक सिटी हौसेने विकत घेणाऱ्याने रंगापेक्षा आधी खालचा पत्रा पाहावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हेही तपासावे.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पूर्णपणे ट्रॅकसाठी बदललेली गाडी रस्त्यावर चालवत नाहीत, ती ट्रकवर लादून नेतात. ट्रॅक डेला पहिल्यांदा जाणाऱ्याने तर काहीच न बदलता, फक्त चांगले ब्रेक आणि टायर असलेली साधी गाडी न्यावी.

सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा शर्यतींवर पैसे लावले गेले तर तो जुगार. तो कायद्याने गुन्हा आणि आपल्या दीनमध्ये हराम, यावर वेगळे सांगणे नको.

पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे कलम 199-अ. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हाती असलेल्या महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर वडिलांपर्यंत अटकेची कारवाई गेली, हे साऱ्या देशाने पाहिले. चावी हातात देणारा हातही जबाबदार असतो.

आखातातल्या मुलांनी तर अधिक सावध राहावे. दुबईत 2023 च्या फर्मानानुसार जीव धोक्यात घालणाऱ्या बेपर्वा चालवण्यासाठी जप्त झालेली गाडी सोडवायला 50,000 दिरहम भरावे लागतात. विनापरवाना रस्त्यावर शर्यत लावली तर तो आकडा 1,00,000 दिरहमचा आहे. कित्येक घरांची ही वर्षांची बचत आहे.

विम्याची गोष्टही लक्षात ठेवावी. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नसते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर भरपाई मिळेल असे गृहीत धरू नये.

पैशाचा हिशेब

ही हौस स्वस्त नाही. फी, पेट्रोल, ब्रेक पॅड, टायर, तेल, जाण्या-येण्याचा आणि मुक्कामाचा खर्च. ट्रॅकवरचा एक दिवस टायरांचे कित्येक महिन्यांचे आयुष्य खातो. म्हणून आमचे म्हणणे असे की मुलाने हे स्वतःच्या कमाईतून करावे आणि त्याला मर्यादा असावी. कर्ज काढून, बहिणीच्या शिक्षणाची किंवा लग्नाची रक्कम बाजूला सारून केलेला कोणताही शौक घर पोखरतो. अब्बांनी परदेशात घाम गाळून पाठवलेला पैसा सायलेन्सरमधून धूर होऊन जाऊ नये.

पण आणखी एक हिशेब मांडायला हवा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतल्या दर दहांपैकी सुमारे सात मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्ग आता चौपदरी, गुळगुळीत झाला आहे. पूर्वी खड्डेच वेगाला आवर घालत. आता तो आवर माणसाने स्वतः घालायचा आहे. त्याच महामार्गावर एसटीची वाट पाहणारी म्हातारी उभी असते, सायकलवरून मासळी नेणारा असतो, वासरामागे धावणारे पोर असते. त्यांनी कोणत्याही शर्यतीत भाग घेतलेला नसतो. स्वतःच्या हौसेसाठी त्यांचा जीव पणाला लावण्याचा हक्क कोणालाच नाही.

घरात बोलायचे कसे?

सुरुवात रागावून करू नये. मुलाला आधी विचारावे, तुला या गाडीत काय आवडते? तो इंजिनची, गिअरची, सस्पेन्शनची माहिती उत्साहाने सांगू लागला तर समजावे की येथे नुसती मस्ती नाही, जिज्ञासाही आहे. अशा मुलाला आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम, डिप्लोमा, चांगल्या गॅरेजमधली उमेदवारी असे रस्ते दाखवता येतात. आखातात हाताला कसब असलेल्या मेकॅनिकला आजही मान आहे.

अठरा पूर्ण आणि पक्का परवाना, त्याआधी किल्ली नाही, हा नियम घरातल्या सर्वांना सारखाच असावा. मामूने लाडाने दिलेली स्कूटरही त्यात आली. नंतर ज्याला खरेच वेग अनुभवायचा आहे त्याला म्हणावे, रस्त्यावर वर्षभर शिस्तीत चालवून दाखव, दंडाची एकही पावती येऊ देऊ नकोस, पैसे साठव, मग कार्टिंगला किंवा ट्रॅक डेला जा. जमल्यास वडिलांनी किंवा मोठ्या भावाने बरोबर जावे. मुलगा तेथे झेंडा पाहून वेग कमी करताना आणि दुसऱ्याला वाट देताना दिसला, तर घरच्या मोठ्यांचा निम्मा घोर मिटेल.

मुलींनाही ही माहिती द्यावी. त्यांना गाडी चालवायला शिकवताना ब्रेक नीट मारणे, वळणाआधी वेग उतरवणे हे आवर्जून शिकवावे. रात्री-बेरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर घरातला पुरुष परदेशात असतो आणि चावी त्यांच्याच हाती असते.

तरुण मित्रांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. रस्त्यावर वेगाने गेलेल्याची वाहवा त्याच्या मागे बसलेले दोन मित्र करतात, तीही दुसऱ्या दिवशी विसरतात. ट्रॅकवर घड्याळ कोणाची भीड ठेवत नाही. तेथे मागच्या खेपेपेक्षा अर्धा सेकंद कमी लागला तर तो तुमच्या कसबाचा, संयमाचा आणि सरावाचा असतो, आणि त्यासाठी कोणाच्या घरात रडारड झालेली नसते. महामार्गावर ज्यांची वाट पाहत आई जागी राहते, त्या रांगेत आपले नाव घालू नका. हौस असेल तर तिला तिची जागा दाखवा आणि त्या जागेपर्यंत जातानाही वेगमर्यादा पाळा.